हेटॉर ते हाउंड टॉर: डार्टमूरच्या माळावर उन्हाळ्यातील एक दिवसाची पदभ्रमंती, नवख्यांसाठी मार्गदर्शक

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा ग्रॅनाइटचा विस्तीर्ण माळ आहे. १९५१ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९५४ चौरस किलोमीटर भरते. त्याच्या माथ्यावर ठिकठिकाणी उघड्या खडकांचे जे सुळके आणि ढिगारे दिसतात, त्यांना तेथे ‘टॉर’ म्हणतात. ब्रिटनमध्ये नोकरीनिमित्त किंवा शिक्षणासाठी आलेल्या अनेक मराठी मंडळींची सह्याद्रीत भटकण्याची सवय जुनी असते. डार्टमूरचे सर्वोच्च ठिकाण हाय विलहेज अवघे ६२१ मीटर उंच आहे असे कळल्यावर १६४६ मीटरचे कळसूबाई चढून आलेला माणूस ‘एवढ्याशा टेकड्या’ म्हणून मोकळा होतो आणि पाण्याची एक बाटली घेऊन निघतो. या माळावर दम काढणारी चढण फारशी नाही, हे खरे. येथे अडचण होते ती वाट सापडण्याची. गडावर जाताना पायथ्याच्या गावात कोणाला तरी विचारता येते, दगडांवर रंगवलेले बाण असतात, पुढे गेलेल्यांचे आवाज येतात. डार्टमूरच्या मोकळ्या माळावर बाण जवळजवळ नसतात, मेंढ्यांनी पाडलेल्या पाऊलवाटा मात्र शेकडो असतात आणि त्यांतली कोणती माणसांची हे पाहून ओळखता येत नाही.

म्हणून या लेखातील सगळ्या सूचनांच्या मुळाशी एकच नियम आहे: दूरवर दिसणाऱ्या टॉरच्या रोखाने सरळ चालत सुटू नये, जमिनीवरची एखादी पक्की रेषा धरून चालावे. हेटॉरपासून हाउंड टॉरपर्यंत जाऊन परत येण्याचा आठ ते दहा किलोमीटरचा जो फेरा पुढे दिला आहे, तो नवख्यांसाठी मुद्दाम निवडला आहे, कारण तेथे अशी रेषा दोनशे वर्षांपूर्वी खाणकामगारांनीच दगडात घालून ठेवली आहे.

१. दिवस निवडणे

जून ते ऑगस्ट हा काळ योग्य. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे दुपारी बारा वाजता निघूनही उजेड भरपूर उरतो. हेदरची जांभळी फुले पाहायची असतील तर ऑगस्ट निवडावा. मात्र तोवर ब्रॅकन नावाचे नेचे कमरेच्याही वर वाढलेले असतात आणि त्यातून चालणे त्रासाचे होते. माझे मत विचाराल तर जूनचा पूर्वार्ध सर्वांत सोयीचा, कारण तेव्हा दिवस लांब असतो, नेचे अजून गुडघ्याखाली असतात आणि शाळांना सुटी लागलेली नसल्याने गर्दीही कमी असते.

हवामानाचा अंदाज पाहताना शहराचा पाहू नका. अटलांटिकवरून येणारे नैर्ऋत्य वारे या उंचवट्यावर आदळतात, त्यामुळे जवळच्या न्यूटन ॲबट शहरात लख्ख ऊन असताना हेटॉर ढगात बुडालेला असणे हे नित्याचे आहे. ब्रिटिश हवामान खात्याच्या संकेतस्थळावर हेटॉर परिसराचा स्वतंत्र अंदाज पाहावा आणि तापमानापेक्षा दृश्यमानता आणि वारा या दोन रकान्यांकडे अधिक लक्ष द्यावे.

२. पोहोचणे

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून न्यूटन ॲबटला थेट रेल्वे जाते आणि प्रवासाला साधारण अडीच ते तीन तास लागतात. तेथून बोव्ही ट्रेसी गावापर्यंत बस मिळते, पण बोव्ही ट्रेसीपासून वर हेटॉरपर्यंतची बससेवा उन्हाळ्यातील ठरावीक दिवसांपुरतीच असते. तिचे वेळापत्रक दरवर्षी नव्याने पाहावे लागते. शेवटची बस चुकली तर टॅक्सीशिवाय गत्यंतर नसते, म्हणून परतीची वेळ आधी ठरवावी आणि मग सुरुवातीची.

गाडीने जात असाल तर बी ३३८७ हा रस्ता थेट हेटॉरच्या पायथ्याशी नेतो. खालच्या वाहनतळालगत राष्ट्रीय उद्यानाचे माहिती केंद्र आणि स्वच्छतागृह आहे. पुढे संपूर्ण वाटेवर स्वच्छतागृह नाही. वाहनतळावर पैसे भरावे लागतात. माळावरच्या रस्त्यांवर ताशी ४० मैलांची वेगमर्यादा आहे आणि ती पाळावी, कारण मेंढ्या आणि पोनी (ठेंगण्या जातीचे घोडे) रस्त्यावर बिनधास्त उभ्या असतात, क्वचित चक्क झोपलेल्याही असतात. नुकतेच ब्रिटनमध्ये राहायला आलेल्यांना भारतीय वाहन परवान्यावर वास्तव्याच्या पहिल्या १२ महिन्यांपर्यंतच गाडी चालवता येते. भाड्याने गाडी घेण्यापूर्वी ही मुदत तपासून घ्यावी.

३. सोबत काय घ्यावे

कागदपत्रे अशी काही लागत नाहीत. डार्टमूरच्या सामाईक माळांवर पायी फिरण्याचा हक्क १९८५ च्या कायद्याने सर्वांना दिलेला आहे. प्रवेशशुल्क नाही, नोंदणी नाही, वनखात्याची परवानगी नाही. सामान मात्र असे असावे:

– ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा संस्थेचा ‘एक्सप्लोरर ओएल २८’ हा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा आणि साधे होकायंत्र
– पूर्ण भरलेला फोन, त्यावर आधीच उतरवून घेतलेला नकाशा आणि पॉवर बँक
– घोट्यापर्यंतचे, तळव्याला पकड असलेले बूट
– वारा आणि पाऊस अडवणारे जॅकेट, शिवाय एक गरम थर, कितीही ऊन असले तरी
– पायघोळ पँट आणि लांब मोजे, अर्धी चड्डी नव्हे
– माणशी किमान दीड ते दोन लिटर पाणी
– टोपी आणि सनस्क्रीन
– शिटी, छोटी विजेरी, पट्टी व जंतुनाशक आणि बारीक टोकाचा चिमटा

पायघोळ पँट आणि चिमटा यांचे कारण शेवटच्या टप्प्यात येईल. सनस्क्रीन पाहून काही जण हसतात, परंतु या वाटेवर ओढ्याकाठची झाडी सोडली तर सावली नाही आणि गार वाऱ्यामुळे त्वचा भाजत असल्याचे संध्याकाळपर्यंत लक्षात येत नाही. खाण्यासाठी दशम्या, चटणी, उकडलेली अंडी असे न सांडणारे आणि गरम करावे न लागणारे काहीतरी न्यावे. चूल, शेगडी किंवा एकदाच वापरायची बार्बेक्यू पेटवण्याचा विचारही करू नये. उन्हाळ्यात वाळलेले गवत आणि गॉर्सची काटेरी झुडपे पाहता पाहता पेट घेतात आणि माळावर आग पेटवण्यास बंदीच आहे.

४. निघण्यापूर्वी नकाशा वाचणे

एक्सप्लोरर नकाशावर हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक हक्काच्या वाटा आणि काळ्या तुटक रेषा म्हणजे जमिनीवर दिसणाऱ्या, पण तसा हक्क नसलेल्या पायवाटा. खुल्या माळावर दोन्हींवरून चालता येते, परंतु कुंपण असलेल्या शेतात किंवा झाडीत हिरव्या रेषेवरच राहावे.

घरी बसून नकाशावर चार गोष्टी बोटाने गिरवून पाहा: दक्षिणेला बी ३३८७ रस्ता, माळावरून जाणारा जुना ट्रामवे (खाणीच्या गाड्यांचा रूळमार्ग), मधल्या दरीतला बेका ब्रुक हा ओढा आणि पलीकडे हाउंड टॉर. हाउंड टॉरवरून हेटॉर साधारण आग्नेयेला येतो. हेटॉरच्या दक्षिणेला सुमारे अर्ध्या किलोमीटरवर रस्ता आडवा पसरलेला आहे, ही गोष्ट तर पाठच करून ठेवावी. धुक्यात तिचाच उपयोग होतो.

डार्टमूरच्या उत्तर भागात लष्कराची गोळीबार क्षेत्रे आहेत आणि सराव चालू असताना तेथे लाल निशाणे लावतात. आपला फेरा पूर्वेकडील भागात असल्याने त्यांचा संबंध येत नाही, मात्र पुढच्या खेपेला उत्तरेकडे जायचे ठरवलेत तर गोळीबाराचे वेळापत्रक आधी पाहणे अनिवार्य आहे.

५. टॉर सोडून खाणीकडे वळा

वाहनतळावरून समोर हेटॉर दिसतो आणि जवळजवळ प्रत्येक जण थेट त्याच्याकडे निघतो. तुम्ही रस्ता ओलांडून टॉरच्या उजवीकडे, म्हणजे उत्तरेच्या बाजूला, दगडांच्या टाकाऊ राशी दिसतात त्या रोखाने जाणारी वाट धरा. टॉर परतताना करायचा आहे. त्याचे कारण साधे आहे: सकाळी पाय ताजे असताना अनोळखी भाग उरकावा आणि दमल्यावर सर्वांत ठळक, रस्त्याजवळचे ठिकाण गाठावे.

हेटॉरची खाण कुंपणाच्या आत आहे, पण छोट्या फाटकातून आत जाता येते. फाटक जसे असेल तसे, म्हणजे बंद असल्यास बंद, मागे ठेवावे. आत उभ्या कापलेल्या ग्रॅनाइटच्या भिंती, मध्ये साचलेले तळे, पाण्यात कमळवर्गीय पाने आणि त्यांवर घिरट्या घालणारे चतुर असा अनपेक्षितपणे शांत आडोसा आहे. काठाशी जुन्या यारीचे गंजलेले लोखंड पडलेले दिसते. पाण्यात उतरू नये, कारण ते उन्हाळ्यातही गार असते आणि तळाशी काय पडले आहे ते दिसत नाही. कातळाच्या वरच्या कडेवर मुलांना सोडू नये.

येथे थोडा वेळ काढून विखुरलेल्या दगडांच्या कडा हाताने चाचपून पाहा. कडेने ओळीने अर्धगोल खाचा लागतात. प्रत्येक खाच म्हणजे कामगाराने पहार आणि हातोड्याने पाडलेल्या छिद्राचा अर्धा भाग. छिद्रांच्या रांगेत लोखंडी पाचरी ठोकत गेले की दगड त्या रेषेत दुभंगत असे, आणि ज्याचा दुसरा भाग हवा तसा निघाला नाही तो धोंडा येथेच टाकून दिला जाई. खडकात बोटाच्या पेराएवढे पांढरे आयताकृती स्फटिक दिसतात ते फेल्डस्पारचे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट डोळ्यांत बसलेल्या माणसाला हा दगड प्रथम दगडच वाटत नाही.

६. दगडी रुळांवरून होल्वेल टॉरकडे

खाणीतून बाहेर पडल्यावर गवतात समांतर चाललेल्या दगडी लाद्यांच्या दोन रांगा शोधा. हा हेटॉर ग्रॅनाइट ट्रामवे. जॉर्ज टेम्पलर या खाणमालकाने तो १८२० साली सुरू केला. लोखंड दूरवरून आणण्यापेक्षा हाताशी असलेला ग्रॅनाइटच कोरून त्याचे रूळ केले गेले. प्रत्येक लादीला एका बाजूने पायरी काढलेली आहे, म्हणजे सपाट भागावरून चाक फिरे आणि उभी कड त्याला घसरू देत नसे. दोन रुळांमधले अंतर सुमारे १.३० मीटर आहे. भरलेल्या गाड्या उताराच्या जोरावर खाली जात आणि रिकाम्या गाड्या घोडे ओढून वर आणत. सुमारे १६ किलोमीटर अंतर कापून दगड स्टोव्हर कालव्यापर्यंत पोहोचे. तेथून होड्यांनी टिनमथ बंदर आणि पुढे जहाजाने लंडन असा त्याचा प्रवास होता. १८३१ साली खुल्या झालेल्या लंडन ब्रिजसाठी येथला दगड गेला. तो पूल पुढे १९६८ मध्ये अमेरिकेला विकला गेला आणि आज त्याचे दर्शनी दगड ॲरिझोनातील लेक हावासू सिटीमध्ये उभे आहेत. ट्रामवे मात्र १८५८ पर्यंत बंद पडला होता. लोखंडाचे असते तर त्याचे रूळ कधीच उपटून भंगारात गेले असते.

पुढच्या टप्प्यात हे रूळच तुमची रेषा आहेत. ते कधी गवताखाली बुडतात, कधी पुन्हा वर येतात. दिसेनासे झाले तर पुढे अंदाजाने न जाता शेवटच्या दिसलेल्या लादीपाशी थांबून दिशा पाहावी. एका ठिकाणी मार्गाला फाटा फुटतो आणि तेथल्या लाद्यांवर दोन्ही दिशांच्या खाचा कोरलेल्या दिसतात. पश्चिमेकडे उतरत जाणारा फाटा होल्वेल टॉरच्या खालच्या खाणीपर्यंत नेतो. ही खाण हेटॉरपेक्षा अधिक रानटी वाटते, टाकाऊ दगडांचा प्रचंड उतार थेट दरीत गेलेला आहे आणि त्या राशीवर चढून फोटो काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. वरवर पक्के वाटणारे धोंडे डुगडुगतात आणि दोन दगडांमध्ये पाऊल अडकून घोटा पिरगळणे हा या भागातला नेहमीचा अपघात आहे.

७. स्मॉलाकोम्बवरून ओढ्यापर्यंत

होल्वेल टॉरवरून ईशान्येला सुमारे अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर स्मॉलाकोम्ब रॉक्स आहेत. दगडी रूळ येथे संपल्यामुळे होकायंत्र प्रथमच हातात घ्यावे लागते. खडकांजवळ कांस्ययुगीन घरांचे वर्तुळाकार पाये आहेत. ते उंचीने इतके कमी आहेत की गवत वाढलेले असताना शेजारून निघून गेलो तरी कळत नाही.

येथून समोर दरीपलीकडे हाउंड टॉर अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो आणि नेमका येथेच नवखा माणूस फसतो. वाट सोडून सरळ खाली उतरू लागले की आधी ब्रॅकन लागते, त्याखाली लपलेले धोंडे लागतात आणि मग दलदल. टॉरच्या उतारावर विखुरलेल्या या धोंड्यांना स्थानिक लोक ‘क्लिटर’ म्हणतात. हिमयुगात जमीन वारंवार गोठत आणि वितळत असताना टॉरपासून सुटलेले तुकडे घसरत खाली आले, ते हे. दलदल ओळखण्याची खूण म्हणजे आजूबाजूच्या गवतापेक्षा वेगळा दिसणारा, पोपटी हिरवा, मऊ शेवाळाचा पट्टा. तो कितीही अरुंद असला तरी वळसा घालावा. नकाशावरील वाट वायव्येकडे उतरत बेका ब्रुकवरच्या दगडी पुलाकडे जाते. तीच शोधावी आणि तिच्यावरच राहावे.

उन्हात तापलेल्या वाटेवर अॅडर हा साप पहुडलेला असू शकतो. ब्रिटनमधील हा एकमेव विषारी साप आहे, पाठीवर नागमोडी पट्टा असतो आणि पावलांची चाहूल लागताच तो सहसा निघून जातो. त्याला डिवचू नये. चावलाच तर जखम चोखणे, कापणे, घट्ट बांधणे यांपैकी काहीही न करता चावलेला अवयव न हलवता मदत मागवावी.

ओढ्याकाठची झाडी ही जेवणाची जागा.

८. हाउंड टॉर आणि ओसाड गाव

पुलापलीकडे वाट झाडीतून चढत ग्रेटर रॉक्सपाशी उघड्यावर येते. या खडकांच्या आणि हाउंड टॉरच्या मधल्या उतारावर एका मध्ययुगीन गावाचे अवशेष आहेत. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे गाव ओसाड पडले होते. १९६० च्या दशकात येथे उत्खनन झाले. लांबट घरांचे गुडघाभर उंचीचे दगडी पाये स्पष्ट दिसतात. उताराच्या वरच्या टोकाला माणसे आणि खालच्या टोकाला गुरे एकाच छपराखाली राहत, म्हणजे गोठ्याची घाण आपोआप उताराने बाहेर जाई. काही कोठारांत धान्य वाळवण्याच्या भट्ट्या सापडल्या. आलेले पीक भट्टीत वाळवावे लागत असेल तर येथला उन्हाळा किती ओला असे, याचा अंदाज येतो. गाव का उठले याबद्दल बिघडत गेलेले हवामान आणि १३४८–४९ ची प्लेगची साथ अशी कारणे सांगितली जातात. भिंतींवर चढू नये.

हाउंड टॉरचे खडक म्हणजे भाकऱ्यांच्या कलंडलेल्या चवडी. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी खोल जमिनीत थिजलेल्या या ग्रॅनाइटला आडव्या आणि उभ्या भेगा पडल्या, भेगांमधून पाणी मुरून खडक कुजला आणि सैल भाग वाहून गेल्यावर घट्ट भाग असा उभा राहिला. कोरड्या दिवशी या दगडावर बुटांची पकड उत्तम असते, परंतु पाऊस पडून गेल्यावर त्यावरची दगडफुले निसरडी होतात. चढताना प्रत्येक वेळी उतरायची जागा आधी पाहून ठेवावी.

पोनी जवळ आल्या तर त्यांना खाऊ घालू नये. त्या रानटी वाटल्या तरी स्थानिक शेतकऱ्यांच्या मालकीच्या असतात, खाऊ घालण्यास मनाई आहे आणि सवय लागलेल्या पोनी रस्त्यावर येऊन गाड्यांखाली सापडतात.

९. परत हेटॉरवर

परतताना त्याच पुलावरून हिरव्या तुटक रेषेने हेटॉर डाउनच्या, म्हणजे हेटॉरभोवतीच्या माळाच्या, माथ्यावर यावे. हा चढ दिवसातला सर्वांत दमवणारा आहे. मुले बरोबर असतील तर वेळेचा हिशेब ताशी तीन किलोमीटर धरावा, थांबे वेगळे.

४५७ मीटर उंचीच्या हेटॉरला दोन मुख्य खडक आहेत. पूर्वेकडील मोठ्या खडकात पायऱ्या खोदलेल्या आहेत, त्यावरून माथ्यावर जाता येते आणि स्वच्छ हवा असेल तर टीन नदीची खाडी आणि समुद्र दिसतो. पश्चिमेकडील ‘लो मॅन’ हा दोर लावून चढणाऱ्यांचा आहे. त्याच्या कडेशी जाऊ नये. माथ्यावर वारा जोराचा असल्यास पायऱ्या चढण्याचा हट्टही धरू नये, पायथ्यावरूनही जवळजवळ तेवढेच दिसते.

१०. धुके आले किंवा कोणी पडले तर

धुके दहा-पंधरा मिनिटांत येते. प्रथम सगळ्यांना एकत्र करावे, गरम थर चढवावा आणि आपण शेवटचे नक्की कोठे होतो ते नकाशावर ठरवावे. हेटॉर डाउनवर असाल तर होकायंत्र दक्षिणेला धरून चालत राहावे. टॉरच्या या बाजूला असा की त्या बाजूला, बी ३३८७ रस्ता लागतोच. दरीत असाल तर ओढा आणि पूल सोडू नये.

मदतीसाठी ९९९ किंवा ११२ वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू (डोंगरातील बचाव पथक) मागावे, नकाशावरचा ग्रिड संदर्भ, म्हणजे चौकटींवरून ठरणारा आपल्या जागेचा क्रमांक, सांगावा. दरीत सिग्नल अनेकदा नसतो. बोलण्याइतका सिग्नल नसला तरी लघुसंदेश जाऊ शकतो, परंतु ९९९ ला संदेश पाठवण्याची सोय आधी नोंदणी केलेल्यांनाच मिळते. घरूनच ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत ९९९ वर पाठवून नोंदणी करून ठेवावी. शिटीचा संकेत म्हणजे सहा वेळा फुंकणे, एक मिनिट थांबणे आणि पुन्हा सहा वेळा.

११. घरी परतल्यावर गोचीड तपासणे

ब्रॅकन आणि उंच गवतातून चालल्यावर कपड्यांना गोचिडी चिकटून येतात आणि त्यांच्यापैकी काहींच्या चाव्याने लाइम रोग होऊ शकतो. पायघोळ पँट मोज्यांत खोचून चालावे असे सांगितले जाते ते यासाठी. त्याच संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि मुलांच्या बाबतीत केसांच्या कडेने व कानामागे नीट पाहावे. अपुरी वाढ झालेली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढीच असते.

सापडली तर चिमट्याने त्वचेच्या शक्य तितक्या जवळ धरून, न पिळता, सरळ वर हळूहळू ओढून काढावी आणि जागा जंतुनाशकाने पुसावी. तेल लावणे, काडीने चटका देणे हे घरगुती उपाय करू नयेत. ती तारीख टिपून ठेवावी. पुढील काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारा लालसर चट्टा उठला किंवा फ्लूसारखी कणकण वाटली, तर आपल्या जीपीकडे (नोंदणी केलेल्या स्थानिक डॉक्टरकडे) जावे किंवा १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करावा आणि गोचीड चावल्याचे आपण होऊन सांगावे.